यंत्रातील तालवाद्ये : निवड आणि उपयोग

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मानपाडा येथे केलेले भाषण)



या वर्षीच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही संगीताचे अधिकारी नव्हे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पुढे उभे आयुष्य मुलांकडून पाढे आणि शुद्धलेखन करवून घेण्यात गेले. आपल्या भजनी मंडळात तीस-पस्तीस वर्षे टाळ धरून मागच्या रांगेत उभे राहिलो, एवढाच काय तो आमचा संगीताशी संबंध. तथापि विषय असा निघाला की, त्यात गप्प बसणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटले.

गेल्या कार्यकारी सभेत तरुण सभासदांनी एक ठराव मांडला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. आपल्या संमेलनास, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमास आणि गणेशोत्सवातील गाण्यांस पखवाज, ढोलकी, तबला आणि ड्रम वाजविणाऱ्यांस मानधन द्यावे लागते. ते वाचवून संगणक आणि त्यात चालणारे तालवाद्यांचे सॉफ्टवेअर घ्यावे, असा तो ठराव. तरुणांनी टाळ्या वाजविल्या, ज्येष्ठांनी नाके मुरडली आणि ठराव पुढील सभेवर गेला. उभयतांनी आम्हांस आपापल्या बाजूने बोलावयास सांगितले आहे. आम्ही कोणाचेच वकीलपत्र घेतलेले नाही. या एका वर्षात जे पाहिले आणि ज्यात चुकलो, ते तेवढे सांगणार आहोत.

आरंभी आमच्या चुकीचा कबुलीजबाब देतो. गतवर्षी मंडळाने याच कामासाठी थोडी रक्कम मंजूर केली होती आणि खरेदीचा भार आमच्यावर टाकला होता. आम्ही नातवाच्या मदतीने जाहिराती पाहिल्या, सर्वांत भारदस्त दिसणारा एक परदेशी संग्रह निवडला आणि पैसे भरून मोकळे झालो. तो संगणकात उतरून घ्यावयास तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी मोठ्या उत्साहाने भजनी मंडळास ऐकवावयास बसलो, तो त्यात पखवाज नाही, तबला नाही, ढोलकी नाही! पाश्चात्त्य ड्रमचे सहा-सात संच मात्र एकाहून एक सरस. दोष विक्रेत्याचा नव्हे. त्याने ‘ड्रम’ म्हटले होते आणि ड्रमच दिले होते. ‘ड्रम’ म्हणजे आपली सर्व तालवाद्ये, असे आम्हीच गृहीत धरले. आजच सकाळी दोन कुटुंबे ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्यास जाऊन, तेथून कल्याण-शीळ रस्त्याने आपल्या या डोंबिवलीकडील मानपाड्यास उशिरा पोचली. निमंत्रणपत्रिकेत ‘मानपाडा’ एवढेच छापले होते. नाव एक, गावे दोन. आमचेही तसेच झाले. म्हणून पहिला धडा हा की, यंत्र घेण्यापूर्वी आपणांस कोणत्या गावी जावयाचे आहे ते ठरवावे.

आता हे यंत्र म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगतो. सॅम्पल म्हणजे नमुना. एखादा कसलेला वादक शांत खोलीत वाद्यावर एकेक आघात करतो, तो आघात ध्वनिमुद्रित करून साठवितात, आणि आपण कळ दाबली की तोच आघात पुन्हा ऐकू येतो. म्हणजे यात कृत्रिम असे नाद काहीच नाही. नाद खऱ्या वाद्याचा आणि खऱ्या हाताचाच असतो. खऱ्या ड्रमचे असे साठविलेले आघात वाजविणारे पहिले ताल-यंत्र रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थांनी १९८० साली बाजारात आणले. स्मरणशक्ती त्या काळी इतकी महाग होती की, दीर्घकाळ झणझणत राहणारी मोठी झांज त्या यंत्रात ठेवताच आली नाही. त्याच वर्षी जपानच्या रोलंड कंपनीचे ८०८ क्रमांकाचे यंत्र आले. त्यातील नाद मात्र नमुन्याचे नसून विद्युत्-मंडलांतून निर्माण केलेले होते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण तो पुढे निवडीच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

शिक्षकाचा स्वभाव जात नाही, म्हणून एक हिशेब फळ्यावर मांडल्याप्रमाणे मांडतो. साध्या तबकडीच्या प्रतीचा ध्वनी साठविताना दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजणी होते. दोन बाजू आणि प्रत्येक मोजणीस दोन बाइट धरल्यास एका सेकंदास १,७६,४०० बाइट झाले. आता एकाच ड्रमचे हळू ते जोरात असे दहा टप्पे घ्या. प्रत्येक टप्प्याचे सहा वेगवेगळे आघात घ्या. ते उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी घ्या. झाले १२० आघात. प्रत्येक तीन सेकंदांचा आणि तो पाच जोड मायक्रोफोनांनी टिपलेला. एकूण १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, आणि सुमारे ३१७ मेगाबाइट. हे केवळ एका ड्रमचे! म्हणूनच स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीने २०१७ साली काढलेल्या ‘सुपीरियर ड्रमर ३’ या संग्रहातील मूळ ध्वनी २३० गिगाबाइटांहून अधिक आहेत.

एवढे टप्पे आणि इतक्या आवृत्ती कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कानातच आहे. हळू वाजविलेला आघात हा जोराच्या आघाताचा नुसता आवाज कमी केलेला प्रकार नसतो. त्याचा वर्णच निराळा असतो. आई हळू बोलली म्हणजे आणि ओरडली म्हणजे शब्द तेच असले, तरी स्वर वेगळा असतो, तद्वत्. तसेच कोणताही वादक दोन आघात तंतोतंत सारखे करू शकत नाही. एकच नमुना पुनःपुन्हा वाजला की आठ-दहा मात्रांतच कानास तो टाइपरायटरासारखा लागू लागतो. ज्या संग्रहात टप्पे पुरेसे आहेत आणि एकाच टप्प्याचे निरनिराळे आघात पाळीपाळीने वाजतात, तो चांगला. विकत घेण्यापूर्वी एकच कळ वीस वेळा दाबून ऐकावी. जाहिरात वाचण्यापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वासाची आहे.

आता मुख्य प्रश्न : कोणत्या गाण्यास काय घ्यावे?

प्रथम आपला वाद्यवृंद, ज्यास आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत जो ड्रम ऐकू येतो, तो वाजविणाऱ्यांत गोव्याहून मुंबईस आलेले पुष्कळ वादक होते आणि त्यांपैकी कित्येकांचा हात जॅझवर बसलेला होता. त्या गाण्यांस लहान संच, हलकी काठी, तारांचा ब्रश, बाँगो आणि काँगो शोभतात. जॅझमध्ये लय मोठ्या झांजेवर चालते, पायाचा ड्रम लहान आणि मोकळा असतो, आणि दोन मात्रांमधील अंतर सारखे नसून झोके घेणारे असते. त्यासाठी ब्रशचे नमुने असलेला संग्रहच पाहिजे. काठीचा आवाज कमी करून ब्रश होत नाही. उलट रॉक पद्धतीच्या गाण्यास मोठे ड्रम, जोराचा आघात आणि मोठ्या दालनाचा प्रतिध्वनी लागतो. तेथे दालनातील मायक्रोफोनांचे वेगळे ध्वनी देणारा संग्रह घ्यावा. आणि १९८० नंतरची नृत्यगीते किंवा आजची तरुण मुले म्हणतात ते रॅप असेल, तर खऱ्या ड्रमच्या मागे लागूच नये. त्या संगीताची वाढच वर सांगितलेल्या यंत्रांवर झाली आहे. तेथे यंत्राचा काटेकोरपणा हा दोष नसून तोच त्याचा स्वभाव होय.

सुगम संगीत, भावगीत आणि नाट्यपद यांस तबला. तबल्याचा प्रश्न मात्र ड्रमहून अवघड आहे. तबला गायकाच्या पट्टीत मिळविलेला असतो. काळी एक पट्टीत मुद्रित केलेला तबला यंत्राने पांढरी पाचला चढविला, तर तो स्वरात येतो खरा, पण त्याचा आवाज पोरकट होतो. फार खाली उतरविला तर तो मडक्यासारखा वाजतो. दोन-तीन स्वरांपलीकडे ओढाताण करू नये. निरनिराळ्या पट्ट्यांतील तबले ज्यात स्वतंत्रपणे मुद्रित केले आहेत, असाच संग्रह पाहावा. दुसरी अडचण डग्ग्याची. मनगट दाबून सरकविल्यावर जो घुमारा वर चढतो आणि खाली येतो, तो एका सुट्या नमुन्यात बसत नाही. म्हणून स्वर सिस्टिम्स यांच्या ‘स्वरप्लग’सारख्या भारतीय वाद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्या आघातांबरोबर तयार ठेकेही दिलेले असतात. केवळ रियाजासाठी म्हणाल, तर बंगळूरच्या रॅडेल कंपनीची ‘तालमाला’ पेटी पुष्कळ घरांतून वाजताना आपण ऐकली असेल. हल्ली ‘आय-तबला प्रो’सारखी साधने मोबाइलवरच मिळतात. गळा तयार करणाऱ्या मुलीस पहाटे पाच वाजता तीनतालाचा ठेका देणारा तबलजी कोठून आणावा? तेथे यंत्राचे उपकार मान्यच केले पाहिजेत.

लावणी आणि कोळीगीत यांस ढोलकी. येथे आमचे मत स्पष्ट आहे. ढोलकीचे सुटे नमुने जोडून जिवंत ढोलकी होत नाही. उजव्या पुडीवरील कडक थाप साधते. डाव्या पुडीवरील घुमारा आणि दोन्ही हातांचे एकमेकांत गुंफलेले बोल साधत नाहीत. कोणा चांगल्या वादकाने सलग वाजविलेले आणि मुद्रित केलेले तुकडे घ्यावेत व त्यांची लय फार न ताणता वापरावी. हळदीच्या मांडवात हल्ली ऑक्टोपॅड असतो. १९८५ साली रोलंड कंपनीने प्रथम जो ऑक्टोपॅड काढला, त्यात स्वतःचा आवाज नव्हताच. आठ चौकोनांवर काठी मारावयाची आणि आवाज दुसऱ्या यंत्राने द्यावयाचा. पुढच्या प्रकारांत आवाज आतच आले. त्याचा मोठा गुण हा की, नमुने यंत्राचे असले तरी काठी माणसाच्या हाती असते आणि डोळे नाचणाऱ्यांवर असतात. म्हणून नुसत्या संगणकापेक्षा तो मांडवात अधिक शोभतो.

ढोल-ताशाबद्दल एकच शब्द. आपल्या डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत पन्नास ढोल एकदम उठतात, तेव्हा छातीत जे होते, ते पन्नास माणसांच्या पन्नास किंचित् निराळ्या आघातांमुळे होते. संगणकात एकच ढोल पन्नास वेळा एकावर एक ठेविला, तर तो पन्नास ढोलांचा मेळ होत नाही. एकच ढोल मोठ्याने वाजतो. हे काम यंत्राकडून अपेक्षू नये.

निवड झाली, तरी वापर उरतोच. त्यासाठी मुलांना देत असलेले चार-पाच नियम येथे सांगतो.

पहिला : आधी बोल तोंडाने म्हणावे. ज्याला ठेका हातावर टाळी देत म्हणता येत नाही, त्याने कळीस हात लावू नये. आम्ही वर्गात कविता पाठ झाल्याशिवाय लिहू देत नसू, त्याचे कारण हेच होते.

दुसरा : माणसास दोन हात आणि दोन पाय आहेत, हे विसरू नये. नवशिक्या मुलगा संगणकावर एकाच क्षणी पाच ठिकाणी काठ्या मारतो. ऐकणाऱ्यास कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा जाणवतो.

तिसरा : सर्व आघात सारख्या जोराचे ठेवू नयेत. १९८३ साली यंत्रांच्या परस्पर बोलण्यासाठी ‘मिडी’ नावाचा जो संकेत ठरला, त्यात आघाताचा जोर ० ते १२७ अशा अंकांनी दाखवितात. आमचा नातू पहिल्या आठवड्यात प्रत्येक आघात १२७ चा देत असे. त्यास आम्ही म्हटले, “बाळ, सगळे वाक्य ठळक अक्षरांत छापले तर ठळक काय राहिले?” सम जोरात, मधले बोल हळू, खाली अगदी मोकळी; एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

चौथा : सर्व आघात रेघेवर बसविणारी एक सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती नृत्यगीतांस वापरावी, भावगीतास जपून वापरावी आणि भजनास वापरूच नये.

पाचवा : कळ दाबणे आणि आवाज येणे यांतील विलंब मोजून घ्यावा. संगणक ध्वनीचे ५१२ नमुने साठवून मग पुढे देत असेल, तर त्यातच सुमारे १२ सहस्रांश सेकंद जातात. म्हणजे ढोलकी चार मीटर दूर ठेवून वाजविल्यासारखे झाले. हा आकडा १२८ वर आणावा आणि ध्वनीसाठी असलेली ऑडिओ इंटरफेस नावाची वेगळी पेटी वापरावी.

आणखी एक गोष्ट नियम म्हणून नव्हे, नीती म्हणून सांगतो. ‘हायड्रोजन’सारखे सॉफ्टवेअर अधिकृतपणे विनामूल्य मिळते, आरंभ त्यावर करावा. परंतु जे विकत मिळते, त्याची चोरीची प्रत मित्राकडून घेऊ नये. त्या नमुन्यांमागे कोणा वादकाने दिवसचे दिवस गाळलेला घाम आहे. वादकाचे मानधन बुडविणे जर अधर्म, तर त्याच्या हाताचा ठसा चोरणे हा धर्म कसा होईल?

आता भजनाकडे वळतो, कारण आपल्या ठरावाचे मर्म तेथेच आहे.

आपल्या भजनी मंडळात चाळीस वर्षांहून अधिक काळ पखवाजाची साथ करणारे ज्येष्ठ बंधू आज पुढच्या रांगेत बसले आहेत. आपण सर्व त्यांस काका म्हणतो. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या उजव्या हातास कंप सुटला आहे. दहा मिनिटांपलीकडे त्यांस वाजवविवत नाही. त्यांच्यामागे वाजविणारा आपण तयार केला नाही, ही आपल्या सर्वांची चूक आहे, आणि तीत आम्हीही भागीदार आहोत. मानपाड्याभोवती शेते होती, चाळी होत्या, तेव्हा संध्याकाळी पखवाजाचा आवाज चार घरांत जात असे आणि मुले आपोआप येऊन बसत. आता इमारतींच्या सातव्या मजल्यावर पखवाज काढला की शेजाऱ्यांचा दूरध्वनी येतो.

परदेशी संग्रहाने आमची फजिती केल्यावर नातू म्हणाला, “आजोबा, पखवाज मिळत नसेल तर आपणच तयार करू.” म्हणून मे महिन्यात दोन दुपारी काकांच्या घरी बसलो. पंखा बंद केला, खिडक्यांस गोधड्या लाविल्या, मायक्रोफोन पखवाजापासून दोन हातांवर ठेविला. ता, दीं, ना, ति, ट, क, ग आणि धा असे आठ बोल. प्रत्येकाचे चार टप्पे. प्रत्येक टप्पा पाच वेळा. एकूण १६० आघात. काका दर दहा मिनिटांनी थांबत, हात चोळीत, पुन्हा सुरू करीत. कधी शेजारच्या कुकरने शिटी दिली, कधी रस्त्यावरच्या रिक्षाने. पहिल्या दुपारच्या अखेरीस ध्यानात आले की, डाव्या पुडीवरील कणीक उकाड्याने सुकत गेली होती आणि आरंभीचा ‘ग’ व शेवटचा ‘ग’ यांचे जुळत नव्हते. ते सगळे टाकून दिले. दुसऱ्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी कणीक भिजवून लाविली, हातोडीने स्वर पुन्हा मिळविला आणि काम पुरे केले. पुस्तकांत न सापडलेले ज्ञान त्या दोन दुपारींत मिळाले.

नातवाने ते आघात ‘हायड्रोजन’मध्ये बसविले आणि भजनी ठेका तयार केला. काकांस ऐकविला. त्यांनी डोळे मिटून ऐकले. आम्हांस वाटले, त्यांस आनंद होईल. आनंद झालाही, डोळे ओले झाले. परंतु थोड्या वेळाने ते म्हणाले, “गुरुजी, हात माझाच आहे. पण बुवांच्या तोंडाकडे कोण पाहणार?”

ज्ञातिबंधूंनो, आमच्या एका वर्षाच्या उद्योगाचे सार या एका वाक्यात आले. बुवा भजनात मध्येच चाल बदलतात, एखाद्या चरणावर थबकतात, गजर चढला की लय दुणावते. हे काही कागदावर लिहिलेले नसते. पखवाजी ते बुवांच्या मुद्रेवर वाचतो. आषाढी एकादशीस आम्ही प्रयोग करून पाहिला. यंत्राने काकांचाच ठेका अचूक वाजविला. बुवा थबकले, तरी यंत्र पुढे गेले. मग बुवांनी यंत्राच्या मागून जावयास आरंभ केला आणि भजनाचा जीवच गेला. साथ करणारा गायकाच्या मागे जातो. येथे गायक साथीच्या मागे निघाला. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा थोर तबलावादक बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीस बसत असे, तो केवळ ठेका मोजावयास नव्हे. २०१६ सालच्या ‘सैराट’ या मराठी चित्रपटाचे संगीत करताना अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन जिवंत वाद्यवृंद मुद्रित केला. त्या सर्व वाद्यांचे नमुने तेव्हा बाजारात मिळत होतेच. ज्यांस दोन्ही परवडतात, ते काय निवडतात हेही पाहावे.

याचा अर्थ ठराव फेटाळावा, असा नव्हे. यंत्रास त्याचे काम द्यावे आणि माणसास त्याचे द्यावे. ज्या तरुणांनी ठराव मांडला, त्यांनी काटकसरीचा विचार केला; तो स्तुत्यच होय. आम्ही त्यास पुढील दुरुस्ती सुचवितो.

एक : मंडळाने तालाचे सॉफ्टवेअर ठेवावे; त्याचा उपयोग मुलांच्या सरावास, नृत्याच्या तालमीस, चित्रपटगीतांच्या कार्यक्रमास आणि ज्या दिवशी वादक मिळणार नाही त्या दिवशी व्हावा. कानास यंत्रे लावून सातव्या मजल्यावरही रात्री सराव करता येतो, आणि शेजारीही सुखाने झोपतात.

दोन : भजन, लावणी आणि कोळीगीत यांस जिवंत वादक असावा आणि त्याचे मानधन कमी करू नये.

तीन : इतर कार्यक्रमांतून जी रक्कम वाचेल, ती तिजोरीत न टाकता तीमधून आपल्या ज्ञातीतील दोन मुलांस, मुलगे असोत वा मुली असोत, पखवाज शिकवावा. काकांचा हात थरथरत असला, तरी जीभ स्थिर आहे. ते बोल सांगतील, मुले वाजवितील. घरी सरावास काकांचेच १६० आघात त्यांच्या सोबतीस असतील. त्यांच्याशी आपला ‘धा’ ताडून पाहता येईल. नमुन्याचा खरा उपयोग आम्हांस हाच वाटतो. आम्ही फळ्यावर अक्षराचा कित्ता काढीत असू, तो मुलाने त्याबरहुकूम लिहावे म्हणून. कित्त्याने मुलाच्या जागी पत्र लिहावे म्हणून नव्हे.

काकांनी सोमवार आणि गुरुवार संध्याकाळ देऊ केली आहे. जागेसाठी मंडळाचे कार्यालय त्या वेळी मोकळे असते. एका मुलीचे नाव कालच आमच्याकडे आले आहे. दुसरे नाव आज येथून उठण्यापूर्वी यावे अशी आमची विनंती आहे. काकांच्या हाताकडे पाहता पुढील संमेलनापर्यंत थांबावयास आपणांजवळ वेळ नाही.